गिअर टाकताना गाडी आवाज करतेय? गिअरबॉक्स खोलायला द्यायच्या आधी एवढं नक्की तपासून बघा

पुण्याहून साताऱ्याला चाललो होतो, खंबाटकीच्या चढावर पुढे लोड भरलेला ट्रक होता म्हणून तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि खर्रर्र करून असा आवाज आला की मागे बसलेली आई दचकून उठली. पत्र्यावर कानस फिरवल्यासारखा आवाज, आणि नुसता कानाला नाही तर लिव्हरमधून तळहाताला पण जाणवला. साताऱ्यात पोचल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली, मेकॅनिकने एक छोटी चक्कर मारली आणि सांगितलं की दुसऱ्या गिअरची सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) गेलीये, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवून जा. खर्च ऐकून मी गाडी तशीच हळूहळू परत आणली आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर बसून एकेक गोष्ट तपासली. निघालं काय, तर क्लचची केबल सैल झाली होती. दोन पाने, एक नट, आणि पंधरा मिनिटं. त्या केबलवर गाडी पुढे दोन वर्षं चालली आणि गिअरबॉक्सला कोणी हात पण लावला नाही.

याचा अर्थ मेकॅनिक लोक खोटंच सांगतात असा अजिबात नाही. आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, खरंच सिंक्रो गेली तरी खर्रर्र आणि क्लच नीट सुटत नसला तरी खर्रर्रच. फरक फक्त तपासल्यावर कळतो आणि तपासायला वेळ लागतो, जो गर्दीच्या गॅरेजमध्ये नसतो पण आपल्याकडे असतो. म्हणून हा लेख. यातल्या बऱ्याचशा टेस्ट करायला एक पाना पण लागत नाही, फक्त कान लागतात आणि थोडा पेशन्स.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

हे कळलं की पुढच्या सगळ्या टेस्ट आपोआप कळतात, म्हणून वगळू नका. इंजिनचं फ्लायव्हील फिरत असतं, त्याला क्लच प्लेट चिकटलेली असते, आणि त्या प्लेटच्या मधून गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट जातो, त्याला इनपुट शाफ्ट म्हणूया. क्लचचा पेडल दाबला की प्लेट सुटते आणि इनपुट शाफ्टला इंजिनकडून जोर मिळायचा बंद होतो. इथपर्यंत बहुतेकांना माहिती असतं.

आता गिअरबॉक्सच्या आत. आपल्याला वाटतं आपण लिव्हर हलवला की एक गिअर सरकून दुसऱ्या गिअरमध्ये बसतो, पण आजच्या गाड्यांमध्ये पुढचे सगळे गिअर कायम एकमेकांत बसलेलेच असतात आणि फिरतच असतात. आपण सरकवतो ती एक स्लीव्ह असते, ती हव्या त्या गिअरला शाफ्टशी लॉक करते. समजा गाडी तिसऱ्यात ४० च्या स्पीडला चाललीये आणि इंजिन २००० आरपीएमवर आहे. त्याच स्पीडला दुसऱ्यात यायचं तर साधारण २९०० आरपीएम लागतात. म्हणजे इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेट क्षणात तेवढ्या वेगाने फिरायला लागली पाहिजे, तरच स्लीव्हचे दाते गिअरच्या दात्यांत न आपटता बसतील. हे काम करते ती सिंक्रो रिंग, बऱ्याचदा पितळेची असते. ती गिअरच्या कोनावर घासून दोघांचा वेग एक करते आणि मगच स्लीव्हला वाट देते.

ही सोय पहिल्यांदा गाड्यांमध्ये आली ती १९२८ मध्ये, अमेरिकेत कॅडिलॅकने आणली. त्याआधी वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायाचं होतं. आपल्याकडे जुन्या ट्रकवर डबल क्लच मारणारे, म्हणजे एकच गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील, आमच्या एका मामांनी आयुष्यभर तसाच ट्रक चालवला, आणि ती डबल क्लचची सवय आपल्याला पुढे एका टेस्टमध्ये कामाला येणार आहे.

तर खर्रर्र येण्याची मुख्य कारणं दोनच. एक, पेडल दाबून पण क्लच पूर्ण सुटत नाहीये, त्यामुळे इंजिन इनपुट शाफ्टला फिरवत ठेवतंय आणि बिचाऱ्या रिंगला अख्ख्या इंजिनशी कुस्ती करावी लागतेय. दोन, क्लच नीट सुटतोय पण रिंगच झिजलीये. पहिल्याचा इलाज बाहेरून होऊ शकतो, दुसऱ्याला गिअरबॉक्स खोलावाच लागतो. सगळा खेळ या दोघांना वेगळं करण्याचा आहे.

एक छोटी वही घ्या, किंवा मोबाईलमध्ये लिहा

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि आवाज आला की तीन गोष्टी नोंदवा. पाय क्लचवर होता की नव्हता. गाडी उभी होती की चालू. आणि एकाच गिअरला आला की सगळ्यांना. बस. याशिवाय इंजिन गार होतं की गरम ते लिहिलंत तर उत्तम, कारण थंडीत सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड जाणं किंवा किंचित अडखळणं हे ऑइल घट्ट असल्यामुळे होतं आणि गरम झाल्यावर जात असेल तर त्यात घाबरायचं कारण नाही.

आवाजाचं वर्णन पण आपल्या शब्दात लिहा. खर्रर्र म्हणजे दाते घासतायत. खट्ट किंवा धप्प म्हणजे काहीतरी सैल आहे आणि जोर आला की आपटतंय. हुंऽऽ असा एकसारखा सूर म्हणजे बेअरिंग, ऑइल किंवा गिअरचे दाते. घरघर म्हणजे बहुतेक बेअरिंग. चूं चूं म्हणजे कोरडं पडलेलं काहीतरी, बऱ्याचदा पेडलचा बुश. या सगळ्या वेगवेगळ्या आजारांच्या खुणा आहेत आणि "गिअर टाकताना आवाज येतो" एवढंच सांगितलं की समोरचा आपल्या अंदाजाने काहीतरी एक पकडतो.

पहिली टेस्ट: इंजिन बंद

गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. सगळ्यात आधी पायाखालचं मॅट बघा. खरंच बघा. हल्ली ते जाड थरांचे मॅट बसवतात, ते सरकून क्लचच्या पेडलखाली येतं आणि पेडल खाली टेकतोय असं आपल्याला वाटतं पण तो शेवटचे दोन बोटं जातच नसतो. मेहुण्याच्या गाडीला रिव्हर्स टाकताना खर्रर्र यायचं, मॅट काढून मागे टाकलं आणि आवाज बंद झाला.

मग क्लच पाच-सहा वेळा सावकाश दाबा आणि सोडा. पेडल वाजतोय का, मध्येच अडकतोय का, वर येताना जड लागतोय का. चूं चूं आवाज पेडलपाशी असेल तर खाली वाकून पिव्हटला थोडं ग्रीस किंवा स्प्रे मारला की जातो. आवाज पुढून, गिअरबॉक्सच्या बाजूने येत असेल तर क्लच फोर्क, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा आतला काटा, कोरडा झालेला असू शकतो.

आता क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना कधीकधी एखादा गिअर पटकन बसत नाही, दात्यावर दाता येतो, तेव्हा गाडी किंचित पुढे-मागे ढकलली की बसतो, तो दोष नाही. लिव्हर नुसता ढिला आहे का, न्यूट्रलमध्ये खडखड हलतो का ते बघा. तसं असेल तर लिव्हरखालचा बुश किंवा लिंकेजचे (लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश गेलेत. हे प्लास्टिकचे असतात, स्वस्त असतात आणि गेले की गिअर पूर्ण आत बसत नाही, अर्धवट बसलेला गिअर मग वाजतो आणि सुटून पण येतो. माझ्या मते जुन्या गाडीत गिअरबॉक्सवर संशय घ्यायच्या आधी हे बुश बदलून बघणं कधीच वाया जात नाही.

दुसरी टेस्ट: इंजिन चालू, न्यूट्रल, फक्त कान

एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली. शक्य असेल तर गाडी भिंतीच्या कडेला उभी करा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि दुप्पट स्पष्ट ऐकू येतो.

पाय क्लचवरून काढा. आता इनपुट शाफ्ट फिरतोय. घरघर येतेय का ऐका. मग क्लच अगदी हळूहळू, बोटभर-बोटभर दाबत जा. पाय वर असताना आवाज आहे आणि दाबल्यावर गेला, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलटं, पाय वर असताना शांत आणि दाबायला लागलं की घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग. हे बेअरिंग क्लच दाबला की कामाला लागतं, म्हणूनच ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसायची सवय त्याचा जीव घेते.

इथे एक गोष्ट सांगणं गरजेचं आहे. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला थोडीशी खडखड, जी क्लच दाबल्यावर जाते, ती बऱ्याच गाड्यांमध्ये नवीन असल्यापासून असते, डिझेलमध्ये जरा जास्तच. इंजिनचे झटके सैल फिरणाऱ्या दात्यांपर्यंत पोचतात म्हणून ती येते. आवाज वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर सोडून द्या, महिन्या-दोन महिन्यात वाढलाय असं वाटलं तर मात्र मनावर घ्या. आणि डिझेल गाडी चालू किंवा बंद करताना खालून जोरात खडखड करत असेल, तर तिच्यात ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं) आहे का ते विचारा. ते झिजलं की असंच वाजतं, आणि नुसती क्लच प्लेट बदलून तो आवाज जात नाही.

लांब स्क्रू ड्रायव्हर असेल तर त्याचं टोक गिअरबॉक्सच्या बॉडीवर टेकवून मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबा, आतलं बेअरिंग डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. फक्त बाही, ओढणी, गळ्यातली चेन बेल्टपासून लांब ठेवा, आणि रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो हे विसरू नका.

तिसरी टेस्ट: रिव्हर्सची, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची

बऱ्याच गाड्यांमध्ये रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते. म्हणजे इनपुट शाफ्ट पूर्ण थांबला असेल तरच रिव्हर्स गुपचूप बसतो. कंपनीने ही टेस्ट म्हणून केलेलं नाही, पण आपल्याला फुकटात एक मीटर मिळालंय.

गाडी पूर्ण थांबलेली, मागे कोणी नाही ना बघून घ्या, इंजिन आयडलिंगवर आणि गरम, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, अगदी तळाला, आणि तसाच धरून मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. मग रिव्हर्स टाका. क्लच व्यवस्थित सुटत असेल तर तोपर्यंत शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर शांतपणे बसतो. पाच मोजून पण खर्रर्र आलं, तर कोणीतरी शाफ्टला अजून फिरवतंय, म्हणजे क्लच सुटत नाहीये. आणि न मोजता घाईत टाकला की वाजतो पण मोजल्यावर वाजत नाही, तर तो दोष नाही, ती घाई आहे. रोजच्या वापरात आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकला तरी काम होतं, पहिल्याची रिंग शाफ्टला थांबवून देते.

माझ्या गाडीचं इथेच सापडलं. मी पाच काय दहा मोजले तरी रिव्हर्सला खर्रर्र. म्हणजे घाटात वाजला तो दुसरा गिअर, पण बिघडला होता क्लच. दुसरा आधी का वाजला, तर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना वेगाचा फरक मोठा असतो आणि रिंगवर लोड जास्त येतो, म्हणून क्लच अर्धवट सुटत असला की पहिली तक्रार तिथून येते. मेकॅनिकची चूक पण तिथेच झाली असणार, त्याने फक्त दुसरा ऐकला.

याला जोडून अजून एक खूण. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे बसतात आणि इंजिन चालू केल्यावर पहिला पण ढकलावा लागतो, असं असेल तर दोष क्लचकडेच आहे. पहिला टाकून क्लच तळाला धरलेला असताना गाडी सपाटीवर पुढे सरकायला बघतेय का ते पण बघा. पण ब्रेकवर पाय तयार ठेवून, आणि समोर माणूस किंवा भिंत नसताना.

क्लच सुटत नाही असं निघालं तर

केबलचा क्लच असेल तर पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीचा जो मोकळा खेळ असतो तो साधारण १० ते २५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. खेळ खूप जास्त असेल तर पेडलचा अर्धा प्रवास केबल ताणण्यातच जातो. गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरपाशी केबलच्या टोकाला नट असतो, तो थोडा थोडा घट्ट करत जा, प्रत्येक वेळी पेडल तपासा, शेवटी लॉकनट असेल तर तो आवळा. खेळ शून्य करू नका, नाहीतर रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट घसरायला लागते. केबलच्या टोकाला तारा तुटून केसासारख्या बाहेर आल्या असतील तर ॲडजस्ट करत बसू नका, नवीन टाका, ती घाटातच तुटणार. काही गाड्यांची केबल स्वतःच ॲडजस्ट होते, तिथे नट शोधत बसू नका.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर आधी बाटलीतली फ्लुइडची लेव्हल बघा, बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते. मग क्लच दोन-तीनदा पटापट पंप करून गिअर टाका. पंप केल्यावर गिअर नीट बसत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलपाशी दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलेंडरचं रबर गेलंय. पेडलच्या वर, आतल्या बाजूला जिथे रॉड आत जातो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर सिलेंडर लीक आहे. खाली गिअरबॉक्सपाशी त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलेंडर असतो, त्याच्या रबरी टोपीत ओल आहे का बघा. काही गाड्यांत हा सिलेंडर रिलीज बेअरिंगबरोबर आतच असतो, मग तिथे बाहेरून काही दिसत नाही आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो, सांडलंच तर लगेच पाणी ओता.

पावसाळाभर गाडी कोकणातल्या घरी उभी होती आणि गणपतीला काढली तर एकही गिअर पडत नाही, असं पण होतं. त्यात क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. इंजिन चांगलं गरम करून, मोकळ्या जागेत काळजीपूर्वक सुटते का बघता येतं, पण त्यात गाडी उडी मारते, म्हणून सवय नसेल तर मेकॅनिकलाच घरी बोलवा.

चौथी टेस्ट: रस्त्यावर

रिव्हर्सच्या टेस्टमध्ये गाडी पास झाली, म्हणजे क्लच ठीक, तरच ही करा, कारण क्लच सुटत नसेल तर इथले निकाल फसवे येतात. सकाळी रिकाम्या रस्त्यावर जा, शेजारी कोणीतरी बसवा जो लिहून घेईल.

प्रत्येक गिअर दोनदा टाका, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या वेगाने. फक्त एकाच गिअरला खर्रर्र येत असेल तर आता डबल क्लच मारून बघा. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचंय तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर थोडा द्या म्हणजे आरपीएम वर जाईल, परत क्लच दाबा आणि दुसरा टाका. पहिल्या दोन-चार वेळा जमणार नाही, हरकत नाही. जमल्यावर आवाज येत नसेल तर वेग जुळवायचं रिंगचं काम तुम्ही पायाने केलंत, म्हणजे रिंग झिजली हे जवळपास नक्की. वेग बरोबर जुळवून पण गिअर बसत नाही किंवा बसून सुटून येतो, तर दाते गोल झालेत, स्लीव्ह किंवा फोर्क गेलाय, काम मोठं आहे.

हुंऽऽ आवाज असेल तर तो स्पीडबरोबर बदलतो की गिअरबरोबर ते बघा. मोकळ्या सरळ रस्त्यावर आवाज येतो त्या स्पीडला गिअर न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, चावीला हात लावायचा नाही. आवाज तसाच राहिला तर व्हील बेअरिंग किंवा टायर बघा, गिअरबॉक्सला बोलू नका. हलकं डावी-उजवीकडे वळवताना एका बाजूला आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, ही पण व्हील बेअरिंगचीच खूण. रिव्हर्समध्ये जो गुंईं असा आवाज येतो तो मात्र बहुतेक गाड्यांत नॉर्मल आहे, रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात आणि बाकीचे तिरके, म्हणून.

मागच्या चाकांना पॉवर जाणाऱ्या जुन्या जीप टाइप गाड्यांमध्ये अजून एक छान खूण मिळते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, पॉवर गिअरबॉक्समधल्या खालच्या शाफ्टकडे न जाता सरळ जाते. बाकी सगळ्यात हुंऽऽ आणि चौथ्यात एकदम शांत, तर खालच्या शाफ्टची बेअरिंग बघायला सांगा.

खट्ट आवाज असेल तर

गिअर बदलून क्लच सोडला की किंवा ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की खट्ट, हा आवाज बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आतला नसतोच. इंजिनची माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, तिचं रबर फाटलं की इंजिन उचलून आपटतं. बोनेट उघडून बाजूला उभे राहा, पुढे अजिबात नाही, आणि ज्याच्या हातावर भरवसा आहे अशा माणसाला ब्रेक घट्ट दाबून पहिल्यात क्लच किंचित सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं झुकणारच, पण हातभर उडी मारल्यासारखं हललं तर माउंटिंग गेलं. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरताना कट कट कट आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट, त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं चाकाच्या आत दिसतं. मागच्या चाकांना पॉवर जाणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा (मागे पॉवर नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, हाताने हलवून बघा, इंजिन बंद करून आणि चाकांना उटी (अडसर) लावून.

ऑइल, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, गिअर ऑइल गाडी विकेपर्यंत तेच. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते दोन लिटरच्या आसपास असतं आणि डिपस्टिक नसते. सील लीक होऊन थोडं थोडं कमी होत जातं आणि आपल्याला कळतं ते हुंऽऽ सुरू झाल्यावर.

गाडी सपाट आणि चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी, खाली घोड्या लावलेल्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. आधी भरायचा बोल्ट सोडवा, मग खालचा. उलटं केलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने तिथेच बसते. लेव्हल बघायची तर भरायच्या भोकात बोट घाला, बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या कडेपर्यंत असायला पाहिजे.

शेजारच्या काकांच्या गाडीचं ऑइल आम्ही स्टीलच्या पातेल्यात काढलं होतं. त्यांचा पण दुसराच वाजायचा, पण रिव्हर्सची टेस्ट एकदम क्लीन, आणि डबल क्लचने आवाज जायचा. पातेलं उन्हात नेऊन हलकं हलवलं तर काळपट तेलात सोन्याची पूड टाकल्यासारखी चमक फिरत होती. ते रिंगचं पितळ. तिथे मग खोलण्याशिवाय पर्याय नव्हता आणि खोलल्यावर रिंगचे खाचे बोटाला लागतच नव्हते, गुळगुळीत. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी लोण्यासारखा थर असेल तर तो नेहमीचा, पण लोखंडाचे तुकडे, दात्याची कपची निघाली तर गाडी चालवणं बंद करा. ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी गेलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यातली एखादी सेकंडहँड घेत असाल तर गिअर ऑइल बघितल्याशिवाय घेऊ नका, गिअरबॉक्सला हवेसाठी ब्रीदर असतो आणि पाणी तिथूनही आत जातं.

नवीन भरताना ग्रेड पुस्तकात बघूनच. जीएल-४ लिहिलंय तिथे दुकानदार "जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी आहे" म्हणून देतो, ते घेऊ नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असते, ते डिफरन्शियलसाठी चांगलं, पण त्यातली बरीच ऑइल पितळेच्या रिंगांना मानवत नाहीत. ७५डब्ल्यू-८० सांगितलेल्या गाडीत ८०डब्ल्यू-९० टाकलं की सकाळी गिअर जड जातो आणि मग परत आपण गिअरबॉक्सलाच दोष देतो.

मेकॅनिककडे जाताना

आवाजाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या आणि वही न्या. "गिअरबॉक्स बघा" असं म्हणू नका, "रिव्हर्स पाच सेकंद थांबून टाकला तर वाजत नाही, फक्त तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना वाजतो, डबल क्लचने वाजत नाही" असं सांगा. शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवा. चांगला मेकॅनिक हे ऐकून खूश होतो, त्याचा अर्धा दिवस वाचतो.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच जास्त असते, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांची हालत त्याच वेळी बघा, निम्म्याहून जास्त झिजली असतील तर तिन्ही एकत्र बदला. इंजिनच्या मागचा ऑइल सील आणि एक्सलचे सील पण तेव्हाच. सिंक्रोचं काम असेल तर नुसती रिंग टाकून बंद करू देऊ नका, स्लीव्ह आणि गिअरचे दाते टोकदार आहेत की गोल झालेत ते तुमच्यासमोर बघायला सांगा, गोल दात्यांवर नवीन रिंग फार दिवस टिकत नाही. जुने पार्ट परत मागा.

आणि या चार वेळी मात्र टेस्ट-बिस्ट करत बसू नका, गाडी टो करा: गिअर चालताना आपोआप सुटून येतोय, खाली तेलाचं थारोळं साचलंय, क्लचचा पेडल खाली जाऊन परत येत नाहीये, किंवा जळका वास येतोय. गिअरबॉक्सचं तेल गेलं असेल तर पॉवरची चाकं रस्त्यावर फिरू न देता उचलून न्यायला सांगा.

गाडी परत घेताना पैसे द्यायच्या आधी तिथेच इंजिन गरम करून क्लच दाबा, पाच मोजा, रिव्हर्स टाका. मग एक चक्कर, तिसऱ्यातून दुसरा, दोनदा. घरी आल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी त्यावर तेलाचा थेंब दिसला तर त्याच दिवशी परत न्या.